भगवंत सरांची पहिली श्रद्धांजली

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला सावळेरामभाऊ पडवीत आरसा टेकवून मिशीला कलप लावत होते. डावी बाजू काळीभोर झाली होती. उजवीला ब्रश टेकणार एवढ्यात आतल्या खोलीतून त्यांच्या नातीचा, आरोहीचा आवाज आला. ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, भगवंत सर गेले. जिन्यावरून पडले आणि गेलेच. सगळी शाळा रडतीये."

भाऊंचा ब्रश हवेतच राहिला. भगवंत सर म्हणजे लोणीच्या शाळेचे चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालेले मुख्याध्यापक. तीस वर्षं त्यांनी गावाची पोरं शिकवली होती. असा माणूस गेल्यावर कुणालाही धक्का बसेल, तसा भाऊंनाही बसला. त्यांनी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं.

घड्याळ पाहण्याचं कारण भागूशेठ. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आली होती आणि या भागातून उमेदवारी मागणारे दोघेच होते, भाऊ आणि भागूशेठ. तालुक्यात पक्षाची तिकिटं वाटणाऱ्या साहेबांनी दोघांनाही एकच सांगून ठेवलं होतं, "लोकांच्या सुखदुःखात दिसा. जो जास्त दिसंल त्याचा इचार करू." सुखात लोक बोलावतील तेव्हाच जाता येतं, म्हणून भाऊंनी दुःखावर भर दिला. तालुक्यात दशक्रिया कुठंही असो, नदीकाठी प्रवचन संपलं रे संपलं की माईक भाऊंच्या हातात. त्यांच्याकडे भाषणं तीन: म्हाताऱ्या पुरुषांचं, माउल्यांचं आणि अपघाताचं. तिन्हींत 'एक चालतंबोलतं विद्यापीठ हरपलं' हे वाक्य होतंच. डेअरीच्या मापाड्यापासून बँडवाल्यापर्यंत भाऊंनी इतकी विद्यापीठं नदीला पोचवली होती, की मागं राहिलेल्यांना आपण अडाणी असल्याची लाज वाटावी.

असं असूनही गेल्या महिन्यात घात झाला. सोसायटीचे जुने चेअरमन वारले, तेव्हा भागूशेठनं भाऊंच्या आधी अकरा मिनिटं मोबाईलवर श्रद्धांजली टाकली आणि साहेबांनी त्याच्या श्रद्धांजलीखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. भाऊंच्या खाली काहीच नाही. ते जोडलेले हात भाऊंच्या डोळ्यांसमोरून अजून हलत नव्हते.

खरी गोष्ट अशी होती, की भगवंत सरांना काहीही झालेलं नव्हतं. आरोही नववीत होती आणि एक जपानी मालिका बघायची. चित्रांची, शाळेतली, जिच्यात मास्तर आणि पोरं एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात आणि तरी बघणाऱ्याला हसू येतं. तिची मैत्रीण हर्षा ही बाजारपेठेतल्या हस्तीमलशेठची मुलगी. परीक्षा होईपर्यंत हर्षाच्या आईनं तिचा मोबाईल कपाटात घातला होता. दुकानातल्या फोनवर फक्त अभ्यासाचं बोलायची मुभा होती. म्हणून आरोही दर रविवारी तिला 'धडा' सांगायची. धडा म्हणजे त्या आठवड्याचा भाग. गल्ल्यापाशी जपानी नावं घेतली तर बिंग फुटणार, म्हणून पोरींनी सगळ्यांना गावाकडची नावं देऊन टाकली होती. त्यातला मुख्याध्यापक प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचा आणि खिशात कंगवा ठेवायचा, म्हणून तो भगवंत सर. एक कावेबाज पोरगा होता, त्याचं नाव ऋतिक.

भाऊंना यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी ते ठाऊक करून घेतलं नव्हतं. दिवाळीत आरोहीनं एकदा हौसेनं सांगायला घेतलं होतं, "आबा, ह्याला कार्टून न्हाई, ॲनिमे म्हणत्यात."

"एनिमा दवाखान्यात देत्यात," असं म्हणून भाऊ दुसऱ्या वाक्याला उठून गेले होते. मोठ्या डोळ्यांची चित्रं बघणारी पिढी वाया गेली, हे त्यांनी त्यानंतर दोन दशक्रियांमध्येही सांगितलं.

आताही ते पुढचं ऐकायला थांबले नाहीत. दहा वाजून सात मिनिटांनी तालुक्यातल्या सगळ्या गटांवर मजकूर गेला. खाली सरांचा निरोप समारंभातला फोटो, त्याच्या दुप्पट आकाराचा भाऊंचा स्वतःचा फोटो आणि 'शोकाकुल: भावी पंचायत समिती सदस्य'.

बायको, कुशाबाई, शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "सर गेलं? परवा तर बाजारात व्हतं. वांगी घेत व्हतं."

"मग? मरायच्या आधी मानसानं वांगी घेऊ नये का?"

"पन इचारून तरी घ्या कुनाला."

"इचारंपतुर भागू टाकंल."

भागूशेठनं टाकलंच, पण चार मिनिटांनी. मागं पडल्याची भरपाई म्हणून त्यानं 'दीर्घ आजाराने' असं पदरचं घातलं. तिसऱ्या कुणीतरी 'घाटात अपघात' असं कळवलं. तीन जणांनी तीन कारणं दिल्यावर माणूस मेल्याबद्दल कुणालाच शंका उरली नाही. लोक सरांच्या घरी गेले तर दाराला कुलूप. सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे गावाच्या 'बाई', सकाळीच घाटघरला एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले होते. तिकडे रेंज नावालाही नसते आणि सरांचा साधा फोन तसाही रविवारी बंदच असायचा. कुलपाचा अर्थ लोकांनी लावला, 'पुण्याला दवाखान्यात असतील'. साळुबाई नावाच्या शेजारणीनं ओट्यावर बसून गळा काढला. मग घरापुढं माणसं जमली, आणि माणसं जमलेली पाहून आणखी माणसं जमली.

साडेअकराला खुद्द साहेबांचा फोन आला. "सावळेराम, बातमी पयली तुझी आली. मी चारला येतो. शाळेच्या मैदानात शोकसभा ठेव. आन त्ये उमेदवारीचं बी तिथंच उरकून टाकू."

भाऊंचे पाय जमिनीवर ठरेनात. मांडव सांगितला, फ्लेक्स सांगितला, लाउडस्पीकरची रिक्षा गावभर फिरवली. मिशी तशीच होती, अर्धी काळी, अर्धी पांढरी. कुणाची सांगायची हिंमत झाली नाही. उलट मांडववाला हळहळला, "बघा, दुःखात मानसाला मिशीचं भान न्हाई."

अडीचला आरोही शेतातून आली ती रिक्षामागं पळतच आली. भाऊ कडक इस्त्रीचा सदरा चढवत होते.

"आबा, सर मेल्यालं न्हाईत."

"कोन सर?"

"भगवंत सर. म्हंजे आमच्या मालिकेतलं. मी हर्षाला गोष्ट सांगत व्हते." तिनं धड्याचं, नावांचं, सगळं सांगून टाकलं.

भाऊ मटकन पलंगावर बसले. मैदानात साडेतीनशे खुर्च्या मांडून झाल्या होत्या. साहेब निघाले होते. सर जिथं गेले असतील तिथून संध्याकाळपर्यंत परत येणार, आणि जिवंत माणसाला मारणाऱ्याला तिकीट कोण देतो? भागूशेठ तर ही गोष्ट मरेपर्यंत सांगत फिरला असता. भाऊंनी पोरीवर ओरडायला तोंड उघडलं. कुशाबाई दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "आता तिलाच इचारा. त्या कार्टुनात पुढं काय व्हतं?"

आयुष्यात पहिल्यांदा सावळेरामभाऊ एका जपानी मालिकेविषयी विचारते झाले. "सांग बाई. झटदिशी सांग."

आरोही पलंगावर मांडी घालून बसली. "ऋतिकला शाळेच्या मंडळाचं अध्यक्ष व्हायचं असतं. पण त्याला कुणी वळखतच नाय. मग सर जिन्यावरून पडून घरी जातात, तर हा सगळ्यांना सांगतो, सर मेले. म्हंजे शोकसभेत आपल्याला भाषण करता येईल आणि मतं मिळतील."

"लई नालायक कार्टं हाये," भाऊ मनापासून म्हणाले.

कुशाबाईनं नुसतं त्यांच्या मिशीकडे पाहिलं.

"मग भर सभेत सर येतात. वॉचमन त्यांना आत सोडत नाय. म्हणतो, फक्त मयताच्या घरच्यांना परवानगी हाये, तुमी मयताचे कोण? मग सर कंपाउंडवरून उडी मारतात. सगळे किंचाळतात. पण ऋतिक लई हुशार. तो माईकवर म्हणतो, मला माहीत व्हतं सर जिवंत हायेत. माणूस मेल्यावर आपण चांगलं बोलतो, ते त्याला ऐकूच येत नाय. म्हणून मी त्यांना जिवंतपणीच ऐकवलं. मग सर रडतात, पोरं टाळ्या वाजवतात, आणि..."

"बास," भाऊ उठलेच. "घावलं."

"आबा, अजून हाये. खरी गंमत शेवटाला..."

"गंमत ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," असं म्हणत भाऊंनी चपला घातल्या.

चार वाजता मैदान गच्च भरलं होतं. लांबच्या आणे-पठारापासून जुने विद्यार्थी आले होते. व्यासपीठावर साहेब आणि मागं भलामोठा फ्लेक्स. आधी भागूशेठ बोलला. तो नुसता बोलला असता तर निभावलं असतं, पण भाऊंवर कडी करायच्या नादात त्यानं हुंदका दिला. "शेवटच्या क्षणी सरांचा हात माझ्या हातात व्हता. म्हनले, भागू, गाव सांभाळ." बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. भाऊंना इतकं सुख कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मग ते माईकपाशी गेले. "आजपतुर म्या तुमाला शेकडो वेळा सांगितलं, की चालतंबोलतं विद्यापीठ हरपलं. आज सांगतो, न्हाई हरपलं. भगवंत सर जित्ते हायेत."

साहेबांचा पाण्याचा ग्लास तोंडापाशी थांबला. भागूशेठनं आपल्या हाताकडे पाहिलं.

"मानूस गेल्यावर आपन गोड बोलतो. ते त्याला ऐकाया येतं का? म्हनून म्या ठरवलं, सरांना जिवंतपनीच..."

पुढचं वाक्य फाटकापाशी झालेल्या गलक्यात बुडालं. सरांच्या घराची वाट शाळेवरूनच जात होती. स्कूटरवर सर, मागं बाई, मधे तांदळाची पिशवी. सर गाडी थांबवून मान वर करून आपला हार घातलेला फोटो पाहत होते. साळुबाईनं एक किंकाळी फोडली आणि पहिली रांग खुर्च्यांसकट मागं सरकली. सर शांतपणे व्यासपीठापर्यंत चालत आले. त्यांनी घसा खाकरला, फ्लेक्सवरच्या 'भावपूर्ण श्रध्दांजली'कडे बोट केलं आणि म्हणाले, "सावळेराम, आधी द येतो, मग ध. मी मेल्यावर तरी नीट लिहा रे."

मग मागच्या बाजूनं एकानं टाळी वाजवली आणि सगळं मैदान वाजायला लागलं. लोक रडत होते, हसत होते, सरांच्या पायाशी वाकत होते. भागूशेठ मांडवाच्या मागच्या बाजूनं गेला तो कुणाला दिसला नाही. सर मात्र चष्मा पुसत होते. "मला वाटलं नव्हतं, एवढी माणसं येतील," एवढंच ते बाईंना म्हणाले, आणि ते ऐकून भाऊंनाही क्षणभर गलबलून आलं. पण क्षणभरच, कारण साहेब उठून त्यांच्याकडेच येत होते.

साहेबांनी भाऊंच्या पाठीवर थाप मारली. "सावळेराम, एका मेसेजवर एवढी गर्दी? रविवारची? जेवान नसताना?"

"तुमचाच आशीर्वाद, साहेब." भाऊंनी मिशीवरून हात फिरवला. बोटांना काहीच लागलं नाही, कारण हात पांढऱ्या बाजूवरून फिरला होता.

साहेबांनी माईक घेतला. "मंडळी, मी इतकी वर्सं राजकारनात हाये. मानूस मेल्यावर गर्दी व्हती, ती लाजंकाजंखातर. पन मानूस जित्ता निघाल्यावर बी एकजन उठून गेला न्हाई, असं म्या कधी बघितलं न्हाई." एकजण गेला होता, पण तो मोजण्यासारखा नव्हता. "म्हनून पंचायत समितीची उमेदवारी मी हितंच जाहीर करतो." भाऊंनी सदरा खाली ओढला आणि हार घ्यायला मान थोडी पुढं केली. "आपलं उमेदवार, भगवंत सर."

सर नको नको म्हणत होते, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. फोटोचाच हार काढून लोकांनी त्यांच्या गळ्यात घातला.

भाऊ घरी आले तेव्हा आरोही ओट्यावर बसली होती. ते तिच्याशेजारी टेकले. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "त्या कार्टुनात शेवटाला काय झालं?"

"मी सांगत व्हते, तर तुमी उठून गेलात," आरोही म्हणाली. "पोरांना वाटतं, इतका चांगला मानूस आपल्याला कळलाच नाय. मग ती ऋतिकला सोडून सरांनाच अध्यक्ष करतात."

"आन त्या ऋतिकचं?"

"ते पुढच्या रविवारी कळंल."

पुढच्या रविवारी फोन लागला तेव्हा भाऊ आरोहीच्या शेजारी मांडी घालून बसले होते. फोनचा आवाज मोठा करायला त्यांनीच सांगितलं होतं. पलीकडून हर्षानं विचारलं, "आज धड्यात कोण मेलं?"

"कोणी नाय," आरोही म्हणाली. "ऋतिक सरांच्या पाट्या रंगवत बसलाय."

"बिच्चारा," हर्षा म्हणाली.

भाऊंनी मान हलवली. पडवीत सरांच्या प्रचाराचा नवा फ्लेक्स येऊन पडला होता. सरांचा फोटो पुरुषभर उंचीचा, आणि खाली कोपऱ्यात, भिंगातून बघावं इतक्या बारीक अक्षरात, 'निमंत्रक: सावळेरामभाऊ'. धडा संपेपर्यंत भाऊ जागचे हलले नाहीत. मग ते उठले, फ्लेक्स पसरला आणि 'गावाच्या विकासासाठी कटिबद्ध' या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं. आधी द होता, मग ध. त्यांनी खिळे आणि हातोडी मागवली.