मखमलाबादेतला माझा तात्पुरता मुक्काम

जगात कुठेही कायम होण्यासाठी माणसाला आधी तिथे पुष्कळ वर्षे तात्पुरते राहावे लागते, आणि तात्पुरते राहण्यासाठी आपण कायम राहणार नाही असे दरवर्षी शपथेवर सांगावे लागते. काही लोकांना या व्यवस्थेत विसंगती दिसते. असे लोक बहुधा कधी कुठे गेलेले नसतात. मी गेलेलो आहे, त्यामुळे मला तीत फक्त शिस्त दिसते.

मी गेणू, नाशकाजवळच्या मखमलाबादचा माळी. सन १९३० साली मी आफ्रिकेतल्या एका बंदरात (नाव सांगत नाही, माझा अर्ज अजून तिथल्या टेबलावर आहे) सरकारी बागांचा मुकादम म्हणून गेलो. माळ्याने बागेत काम करण्यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. मुकादम बागेत काम करीत नाही. तो हॅट घालून बागेत उभा राहतो, आणि त्यामुळे इतरांना आपण काम करीत आहोत याची जाणीव राहते. या कामाला मी अत्यंत लायक ठरलो.

परवाना एका वर्षाचा होता. वर्ष संपले की कचेरीत जाऊन साहेबासमोर सांगायचे की मी लवकरच परत जाणार आहे. मग साहेब शिक्का मारून म्हणे, "एक वर्ष. पुढे बघू." असे पाच वेळा झाल्यावर मी कायम रहिवासाचा अर्ज केला. साहेबाने तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि मला समजावून सांगितले की, तू पाच वेळा परत जातो म्हणालास आणि एकदाही गेला नाहीस, तेव्हा तुझ्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा? मी म्हणालो, मी गेलो असतो तर आज अर्ज कुणी केला असता? साहेब म्हणाला, हा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे, पण त्यासाठी नमुन्यात रकाना नाही.

माझ्या स्वतःच्या पाहणीनुसार त्या बंदरातल्या आपल्या शंभर माणसांपैकी ब्याण्णव तात्पुरती होती आणि त्यातली बरीचशी वीस-वीस वर्षे तात्पुरती होती. कायम झालेले आठ. त्यांपैकी पाच मेलेले होते. त्यांना मात्र कचेरीने कसलीही विचारपूस न करता तिथेच राहू दिले होते.

कायम होण्याच्या अटी तशा कडक नव्हत्या. अर्जदार निरोगी असावा. त्याच्याबद्दल दोन प्रतिष्ठित गृहस्थांनी चांगले बोलावे (त्यांची त्याच्याशी फार ओळख नसली तर उत्तम, नाहीतर बोलणे अवघड जाते). त्याला दारूचे, जुगाराचे आणि राजकारणाचे व्यसन नसावे. सभेला जाण्यापेक्षा त्याने प्यावे, अशी साहेबाची खासगी पसंती होती. आणि शेवटची अट, जी साहेबाने मला उभे राहून वाचून दाखवली: ज्या माणसाची बायको दुसऱ्या देशात आहे, तो माणूस रजेवर आहे असे समजावे.

या नियमाइतके खोल वाक्य मी आजवर कुठल्या कीर्तनातही ऐकलेले नाही. मी त्याच आठवड्यात रजा मागितली, बायकोला आणायला.

पौषात नाशिक रोडला उतरलो आणि टांगा करून मखमलाबादला आलो. माझे स्वागत जसे झाले तसे आमच्या गावात फक्त मामलेदाराचे होते. आई, म्हणजे नवसाबाई, हिने मला नवी घोंगडी अंथरून दिली. पितळी तांब्या घासून माझ्यासाठी वेगळा ठेवला. चहा झाला. पुन्हा चहा झाला. मी बादली उचलायला गेलो तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा, दमला आसशीन." हे ती तिसऱ्या आठवड्यातही म्हणत होती. माझी बायको रंगूबाई मला सगळ्यांच्या आधी वाढायची, गरम भाकरी माझ्या ताटात, आणि मी पुरे म्हटल्यावर आग्रह करायची. परसात लाकडे फोडायची होती, कोणी मला सांगितले नाही. छपराचे कौल सरकले होते, कोणी मला सांगितले नाही. चुलतभाऊ बारकू तर माझ्याशी बोलताना बिडी लपवू लागला. मी मनात म्हटले, सहा वर्षांत आपला केवढा मान वाढला! घरच्या माणसाला कोणी पुरे म्हटल्यावर आग्रह करीत नाही, हे माझ्या लक्षात यायला पुढे एक मंगळवार जावा लागला.

मंगळवाराचे महत्त्व असे. आमची विहीर चार घरांत सामाईक आहे. प्रत्येक घराला मोटेचा एकेक वार ठरलेला, आमचा मंगळवार. पाटातून आलेले पाणी फावड्याने एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायचे, याला आमच्याकडे दारे धरणे म्हणतात. आणि नियम असा, की ज्या घरचे माणूस दारे धरायला उभे, त्या घरचे पाणी. कोणीच उभे राहिले नाही तर त्या दिवशीचे पाणी शेजारच्या घराला, आणि साल दोन साल असे चालले तर तो वारच शेजारच्या घराचा. हा नियम कुठेही लिहिलेला नाही. त्यामुळे तो आजवर कोणी मोडलेला नाही.

माझ्या गैरहजेरीत सहा वर्षे दर मंगळवारी रंगूबाई उभी राहिली होती. शेवंती, मेथी, वांगी सगळे तिच्या पाण्यावर. सकाळी ती फुले घेऊन पंचवटीत जायची, बाजार करून परत यायची आणि पदर खोचून चिखलात. ही माहिती मला पत्रातून दरवर्षी मिळत होती. मी ती वाचून तिचे कौतुकही केले होते, पोस्टाने.

तेव्हा त्या मंगळवारी मी जाहीर केले की आज दारे मी धरणार. आईने कपाळावरचा पदर पुढे ओढला. रंगूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना, कपडं खराब व्हतीन." मी हॅट घातली आणि निघालो. ती पंचवटीला गेली.

पाट पाहिला आणि मला आमच्या वाडवडिलांची कीव आली. सरळ पन्नास पावलांवर वाफा, आणि पाट मात्र आंब्याला वळसा, बांधाला वळसा, पुन्हा बारकूच्या रानाच्या कडेने वळसा. तिकडे आमच्या सरकारी बागेत सगळे दोरी लावून सरळ असते. वाकडी फक्त नोकरांची पाठ. मी फावडे घेतले आणि आंब्यापासून वाफ्यापर्यंत एक सरळ पाट काढला. काम सुबक झाले. बैल मोट ओढत होते, पाणी आले, आणि माझ्या सरळ पाटातून झपाट्याने निघाले. मी बांधावर उभा राहून मळ्यातल्या दोन-तीन माणसांना नळाच्या पाण्याचे फायदे सांगू लागलो.

पाणी वाफ्यात पोचले नाही. पाणी नेहमी उताराकडे जाते (हे मी पूर्वी जाणत होतो), आणि उतार बारकूच्या रानाकडे होता. म्हणूनच आमच्या वाडवडिलांनी एवढे वळसे घेतले होते. बारकूच्या रानात रांगडा कांदा होता, काढणीला आलेला, माना पडलेला. अशा कांद्याला पाणी दिले की तो साठवणीच्या चाळीत टिकत नाही, सडतो. हे आमच्याकडे पाळण्यातले मूलही सांगेल. मला बोलता बोलता कळले तेव्हा अर्धे रान भिजले होते.

दुपारी विहिरीच्या धावेवर, बैल जिथे मोट ओढत वरखाली करतात तिथे, भावकी बसली. मध्ये खंडेराव नाना, वयाने आणि आवाजाने सगळ्यांत मोठे. मला वाटले बारकू शिव्या देईल. मी मनाची तयारी केली होती. सहा वर्षांपूर्वी असे झाले असते तर त्याने माझी गचांडी धरली असती आणि मीही त्याची. पण बारकू म्हणाला, "जाऊ द्या नाना. दादाला काय म्हायती? पाव्हना मानूस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नाना म्हणाले, "पाव्हन्याकडून चूक झाली तं घरच्यानी भरायची. रंगू कुठं हाय?"

मी उठून म्हणालो, "नाना, पाहुणा कसा? मी घरचाच आहे. पाळी माझी आहे."

नानांनी माझ्या हॅटकडे बघितले. मग समजुतीने म्हणाले, "तुझीच हाय रे बाबा. तू बस. ए, कोनीतरी त्याला च्या आना."

त्या धावेवर चहा आला आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. परदेशातल्या कचेरीत मी पाच वेळा उभा राहिलो, पण अशी भीती वाटली नव्हती. तिथे चुकलो तर पगार कापत. इथे मला चहा देत होते.

रंगूबाई पंचवटीहून आली, रान बघितले, फावडे घेतले आणि माझा सरळ पाट बुजवला. मग भावकीसमोर उभी राहून म्हणाली, "येनारे दोन मंगळवार बारकूभाऊजींचे." कोणी हरकत घेतली नाही, कोणी माझ्याकडे बघितलेही नाही. त्या दोन मंगळवारांत आमची शेवंती सुकून जाणार होती, हे मला सोडून सगळ्यांना लगेच कळले होते.

तरी माझे मूळ काम राहिलेच होते. दोन दिवसांनी रंगूबाई फुले तोडत असताना मी साहेबाची अट तिला सांगितली, आणि तिकडच्या सुखांची यादीही: पक्के घर, लाकडी पलंग, बाजारात अननस. तिने सगळे नीट ऐकून घेतले. अर्ज ऐकताना साहेबही इतके नीट ऐकत नसे.

"पानी कसं हाय तिकडं?" तिने विचारले.

"नळ आहे. फिरवला की येतं."

"मंग दारं कोन धरतं?"

"कोणीच नाही. गरजच नाही."

"आन् मी तिकडं आल्यावर हितं कोन धरनार?"

मी म्हणालो, "बारकूला सांगू."

तिने फुले तोडायची थांबवली. "ज्याचा कांदा तुमी भिजावला त्याला? साल भरात मंगळवार त्याचा व्हईल. मंग तिकडून सायबानं तुमाला हाकाललं, तं आपुन दोघं यायचं कुठं?"

मी साहेबाचाच आवाज काढून म्हणालो की मला कायम होण्यासाठी तुझी गरज आहे.

"सायबाला बायको पायजे का खात्री पायजे?"

"खात्री."

"मलाबी तेच पायजे," ती म्हणाली. "तुमी हितं येक साल मंगळवारी उभं ऱ्हावा. वार आपला पक्का करा, म्हंजी लावलेल्या मानसालाबी भावकी घरचा धरील. मंग म्हनसाल तिकडं येते. आफ्रिका म्हना, नायतं आनखी कुठं."

"अगं, एक साल! रजा संपली की परवाना रद्द. सहा वर्षं पाण्यात जातील."

"माझी सहा पान्यातच गेली," ती म्हणाली, आणि टोपली उचलून पुढच्या ओळीत गेली.

मला वाईट वाटले. इतर सर्व बाबतींत मी विनोद करीत असलो तरी हे वाक्य वाचकांनी जसे आहे तसे घ्यावे. ती म्हणाली त्यात एकही अक्षर चुकीचे नव्हते. मी राहू शकलो असतो. हॅट काढून, चिखलात, बारकूच्या शिव्या खात, वर्षभर. पण शिव्या मिळण्याइतका घरचा व्हायलाच मला किती दिवस लागतील हे सांगता येईना, आणि सांगता न येणाऱ्या मुदतीवर राहायची मला सवय नव्हती. एका वर्षाच्या मुदतीची होती. मी बोटीचे तिकीट काढले.

निघायच्या दिवशी आईने पुन्हा चहा केला. बारकूने माझी ट्रंक टांग्यात ठेवली, मला हात लावू दिला नाही. रंगूबाई टांग्यापर्यंत आली. मी विचारले, "मग तुझं काय ठरलं?"

तिने घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांकडे बघत उत्तर दिले. "पुढल्या पौषात या. बघू."

टांगा हलला तेव्हा माझ्या ध्यानात आले की हा मजकूर मला पाठ आहे. महिन्याभराने बंदरावर साहेबाने माझ्या परवान्यावर शिक्का मारला आणि तोच मजकूर त्याच्या भाषेत म्हणाला. बायको आली नाही हे त्याने कागदावर नोंदवले आणि मला रजेवर असलेला माणूस म्हणून पुढे चालू ठेवले. सारांश, दोन्ही ठिकाणी माझी मुदत आता एकेक वर्षाने वाढली आहे, आणि दोन्ही कचेऱ्यांशी माझे संबंध सलोख्याचे आहेत.

आता ज्यांनी गंगा (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) ओलांडून कधी पलीकडच्या तीराला मुक्कामही केला नाही, अशा वाचकांना माझे हसू येत असेल. येऊ द्या. फक्त उद्या सकाळी स्वयंपाकघरात जा आणि कोणालाही न विचारता मिठाचा डबा काढून दाखवा. सापडला, तर तुम्ही कायम आहात, तुमचे अभिनंदन. विचारावे लागले, तर विचारताना आवाज जरा मऊ ठेवा. तुमचा तात्पुरता परवाना तिथूनच मिळतो, आणि तुम्हाला गरम भाकरी आधी का वाढली जाते याचा शांतपणे विचार करायला हरकत नाही.