हंबीररावांचा शांत सोफा

आवाजाच्या लाटांचं गणित मला शिकवायला कुणी येऊ नये! निम्मं कोल्हापूर माझ्या वर्गात फिजिक्स शिकून इंजिनियर झालंय. म्हणून तर माझ्या लेकीच्या, अनुजाच्या लग्नात स्पीकर मी स्वतः लावले.

कारण हंबीरराव. नवरदेवाचे थोरले चुलते, नेसरीचे. साखरपुड्यात स्पीकरनं त्यांचं डोकं उठलं आणि त्यांनी माझं उठवलं. लग्नात असा गोंगाट झाला तर अक्षता तुमच्या तुम्ही टाका, असं चारचौघांत सुनावून गेले. तेव्हापासून मी नुसता धुमसत होतो.

म्हटलं, बघाच आता. मंडपात समोर दोन स्पीकर, बरोबर मध्यावर त्यांचा सोफा. एका स्पीकरच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडल्या. एकाची लाट वर गेली की दुसऱ्याची खाली, आणि मधल्या रेषेवर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. सोफ्यावर बसून पाहिलं. शांत! जरा बाजूला सरकलं की कान फाटत होते.

आपल्याकडं अक्षतांआधी मानकऱ्यांची नावं माईकवरून पुकारतात, फेटे बांधतात. निवेदक पिराजीनं पहिलंच नाव हंबीररावांचं घेतलं, तेही सगळी बिरुदं लावून. हंबीरराव ढिम्म! मग बाकीचे एकेक फेटा बांधून यायला लागले, तसे हे लाल होत गेले. शेवटी उठलेच.

"आमचं नावच न्हाय व्हय? चला रं, गाड्या काढा."

अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी धावलो, नाव पुकारल्याचं शपथेवर सांगितलं.

"मग मी काय भैरा हाय?"

आता याला लाटा समजावू? दात खात मी पिराजीला खूण केली. हंबीरराव तोवर रेषेबाहेर आले होते. नाव असं आदळलं की मिशा थरथरल्या. चेहरा खुलला.

"आणि एकदा म्हणा की."

मग स्पीकरला खेटून खुर्ची टाकून बसले. डोकंबिकं काही दुखलं नाही!

मी रिकाम्या सोफ्यावर मटकन बसलो. लग्न तरी वाचलं. तेवढ्यात पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. आता कुणाचा सत्कार? आणि पोरीचा बाप काय मेलाय? तरातरा गेलो, पिराजीचा माईक हिसकावला आणि सगळ्या मंडपादेखत त्याला झापला.

तो हातात फेटा धरून उभा होता.

"सर, मघापास्नं तुमचंच नाव पुकारतोय की."

माईक चालूच होता. सगळ्या मंडपानं ऐकलं. या खेपेला मीसुद्धा.