धानोरे सरांचा काटेरी हलवा

आमच्या बजाजनगरात दोन बायांचं भांडण लागलं की बाकीचे विचारतात, काय झालं? समोरचे धानोरे सर खिडकीतून विचारतात, "बी कुठलं?"

म्हणजे हे सगळं सुरू कुठल्या कणापासून झालं, ते. नळाला पाणी नाही, बी कुठलं? पोराला ताप आला, बी कुठलं? माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा हे गृहस्थ भेटायला आले, तोंड उघडायच्या बेतात होते, तेवढ्यात मीच म्हटलं, "सर, वय झालं होतं. बी-बी काही नाही."

सर विद्यापीठात फिजिक्सला होते, आता रिटायर झालेत. विषय जन्मभर एकच. वाफेचं पाणी होतं, पाण्याचा बर्फ होतो, पाकाची साखर होते, पण आपोआप नाही. आधी कुठंतरी इवलंसं बी धरावं लागतं. ते फार लहान राहिलं तर परत विरघळून जातं. एका मापाच्या पुढं गेलं की मग त्याला कुणी थांबवू शकत नाही. ते माप काढण्यात सरांची पस्तीस वर्षं गेली. "सापडलं का मग?" असं मी एकदा विचारलं. "जवळपास," म्हणाले.

आमचे हे वाळूजला एका कंपनीत भट्टीवर आहेत. लाल झालेलं लोखंड तेलात बुडवून कडक करतात. सरांनी त्यावरही पानंच्या पानं गणितं लिहिलीत. ह्यांनी एकदा प्रेमानं म्हटलं, "सर, भट्टी बघायला चला की." तर सर म्हणाले, "नाय. आपण थिअरीवाले. हात नाय लावत."

हे त्यांचं दुसरं वाक्य. बल्ब बदलायचा, सिलिंडर लावायचं, की आपण थिअरीवाले. लग्नाचंही तसंच झालं असावं. दोन वेळचा डबा येतो, चहाला आमच्याकडं येतात, आणि एका पायात आमच्या ह्यांची चप्पल घालून परत जातात.

एवढ्या वर्षांत सरांच्या हाताखाली पीएचडी पुरी केली ती एकाच पोरीनं. बाकीचे वर्षभर टिकायचे आणि कॉम्प्युटरकडं पळायचे. ही शाहीन, देवगाव रंगारीची. तिचा प्रबंध सरांनी तीनदा लाल शाईनं रंगवून परत दिला. शेवटी चौथ्यांदा वाचून म्हणाले, "चालेल." सरांच्या तोंडून यापलीकडं कौतुक कुणी ऐकलेलं नाही. आता ती परदेशात हाच विषय शिकवते.

संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस मी हलव्याचे दागिने करते. पहिल्या संक्रांतीच्या सुनांना, बोरन्हाणाच्या बाळांना. परातीत तीळ घ्यायचे, खाली अगदी मंद आच, चमच्यानं थेंब थेंब पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. मग दाण्यावर काटा फुलतो. सर दर वर्षी परातीशी खुर्ची टाकून बसायचे आणि मला माझाच हलवा समजावून सांगायचे. मी ऐकून घ्यायची. बोटं माझी भाजायची ना.

या वर्षी मात्र सर आले आणि खुर्चीवर न बसता खाली बसले. "वहिनी, मला शिकवा. रविवारी शाहीन येतीय, वर्षभराच्या पोरीला घेऊन. सोमवारी तिचं विमान आहे. तिला माळ द्यायचीय."

"मी देते की करून. तयार दाणेच पडलेत."

"नाय. हे दुसऱ्याच्या डेटावर नाय चालायचं."

हातात आठ दिवस. पहिल्या दिवशी त्यांनी घाईनं गॅस वाढवला आणि सगळ्या परातीचा मिळून एक दगड झाला. सरांनी वहीत लिहिलं, "आच जास्त." मी म्हटलं, हे मी ओरडून सांगत होते, ते वहीत नाही आलं वाटतं. तिसऱ्या दिवशी आभाळ आलं. मी सांगितलं, आज दमट हवा आहे, काटा नाही यायचा. त्यांनी गणित मांडून दाखवलं की येईल. संध्याकाळपर्यंत सगळे दाणे टकले. मला हसू आवरेना. सर मात्र हिरमुसले, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं.

पुढं ते गप्प बसून फिरवत राहिले. पाचव्या दिवशी बोटांना फोड आले, तर मी चिंध्या बांधून दिल्या. शनिवारी काटा आला. एका बाजूनं बरा, दुसऱ्या बाजूनं विरळ. मग दोऱ्यात एकेक दाणा बांधायला बसले, ते थांबेनातच.

"अहो सर, पुरे. बाळाच्या पायात येईल ती. बाळाला वीतभर लागते माळ."

"असू द्या."

"पडेल पोरगी अडखळून."

"असू द्या म्हणतो ना, वहिनी."

आता यांना काय सांगावं. मी गुपचूप बाळापुरती माळ आणि मुकुट माझ्या दाण्यांचा करून ठेवला.

रविवारी शाहीन आली. सरांच्या घरात मी बाळाला सजवलं, आणि बाळानं लगेच मुकुट चाटायला घेतला. सर आतून स्टीलचा डबा घेऊन आले. ती लांबलचक माळ काढली आणि बाळाकडं न बघता शाहीनपुढं धरली. "तुझं राहिलं होतं ना," म्हणाले.

शाहीन बघतच राहिली. मीही.

मग तिनं मला सांगितलं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी सर फळ्यावर हलव्याचं उदाहरण शिकवत होते. तेव्हा ही सहज बोलून गेली, की गावात शेजारच्या पोरीला हलव्याचे दागिने घातले होते, मी दारात उभी राहून बघत होते, मलाबी लई वाटलं होतं, पण आमच्यात कुठं करतात. "सरांचं तोंड फळ्याकडं होतं, भाभी. मला वाटलं, ऐकलंच नाय."

पंधरा वर्षं झाली असतील त्याला. आणि हा माणूस रोज दुसऱ्याची चप्पल घालून घरी जातो.

शाहीननं माळ गळ्यात घातली. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, "काटा एका बाजूनं कमी आलाय."

तिनं एक दाणा बोटांत धरून उजेडात नीट फिरवून पाहिला. डोळे भरले होते तिचे. "चालेल, सर," म्हणाली.

सर चहा टाकतो म्हणून आत गेले. बराच वेळ झाला तरी गॅस पेटल्याचा आवाज येईना. मी उठले होते, पण परत बसले.