परत न मागता येणारी सिगारेट

"मिस्त्री, झाकण उघडताना आवाज यायला हवा. नुसतं उघडून उपयोग नाही," असं म्हणून कुआंगने ई-सिगारेटची नवी डबी साचे करणाऱ्या फान मिस्त्रींच्या टेबलावर ठेवली, आणि तिथून पुढे त्याच्या दिवसाची घडी जी विस्कटली ती विस्कटलीच.

शाजिंग या कारखान्यांच्या गावातल्या एका इमारतीत पेंग शेठचा कारखाना होता आणि कुआंग तिथला डिझायनर. याच मजल्यावर त्याने आधी पेजर केले, मग गाणी ऐकायची चपटी यंत्रं, मग फोन चार्ज करायच्या विटांएवढ्या बॅटऱ्या. जी वस्तू जगातून उठली ती मजल्यावरूनही उठली, आणि प्रत्येक वेळी कुआंगला घरातलं माणूस गेल्यासारखं वाईट वाटलं. आता ई-सिगारेटींचे दिवस होते. शेठचं म्हणणं, पोरांना गोळ्या-चॉकलेटच्या रंगाचं प्लास्टिक हवं. कुआंगने मात्र हट्टाने पत्र्याची चपटी डबी केली होती. सिगारेटच्या आकाराची वाफेची नळी आत चार्ज होत पडते आणि डबीचं बूड तळहातावर आपटलं की अर्धी वर येते, समोरच्याने अलगद उचलावी अशी.

हे सुचलं वडिलांवरून. त्याचे वडील चूचौच्या रेल्वे कारखान्यात होते, आणि त्यांच्याकडे अशीच पत्र्याची सिगारेटची डबी होती. लग्न असो की मयत, म्हातारा दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे डबी धरायचा आणि माणसं त्याच्याभोवती गोळा व्हायची. मग छातीचं दुखणं आलं, डॉक्टरांनी सिगारेट बंद केली आणि आईने डबी भंगारात घातली. तेव्हापासून वडील लग्नात भिंतीला टेकून बसायचे. हल्ली तर जातच नव्हते. कुआंगच्या मनाने घेतलं होतं की येत्या नववर्षाला वडिलांच्या हातात पुन्हा डबी द्यायची. आत ना तंबाखू ना निकोटिन, नुसती चहाच्या वासाची वाफ. पण एकट्या म्हाताऱ्यासाठी कोणी साचा पाडत नाही. दुपारी हार्बिनचे बडे गिऱ्हाईक छिउ साहेब येणार होते. त्यांनी डबी पसंत केली तर साचा पडणार, नाहीतर प्लास्टिक. आणि डबीत बसणारी, चालू स्थितीतली नळी एकच होती.

फान मिस्त्रींनी झाकणाची स्प्रिंग काढली, वाकवली, परत बसवली. झाकण कसं टक्क वाजलं.

"जुन्या पेजरच्या क्लिपची आठवण झाली रे," मिस्त्री म्हणाले. "काय दिवस होते! कमरेला पेजर असला की माणूस चालायचासुद्धा वेगळा."

"आता ही गंमत बघा," म्हणत कुआंगने हौसेने डबी तळहातावर आपटली. नळी वर आली. पांढरीशुभ्र, टोकाला तपकिरी, अगदी खऱ्यासारखी. चष्मा कपाळावर, हाताला तेल आणि डोक्यात पेजर अशा अवस्थेतल्या मिस्त्रींनी दोन्ही हात पुढे केले, बोटांच्या टोकांनी ती आदराने उचलली आणि वजन जोखत म्हणाले, "जड आहे. भारी माल दिसतो. कशाला रे इतका खर्च?" साच्यांच्या खोलीत तेलामुळे ओढायला बंदी, म्हणून त्यांनी ती कानामागे खोचली आणि ते कामाला लागले.

कुआंगला प्रश्न पडला. पुढे केलेली सिगारेट परत मागायची कशी? त्याच्या गावात एकाने भर लग्नात दिलेली सिगारेट परत मागितली होती. तो माणूस कधीच गेला, पण ती गोष्ट आजही त्याच्या नातवाच्या सोयरिकीत आडवी येते.

उपाय एकच होता. यापेक्षा भारी सिगारेट द्यायची आणि गडबडीत ती काढून घ्यायची. कुआंग धावत खाली गेला, दुकानातलं सगळ्यात महागडं पाकीट घेऊन धापा टाकत वर आला.

"मिस्त्री, ही घ्या. ती राहू द्या."

"अरे, पुन्हा?" मिस्त्रींचे डोळे भरून आले. त्यांनी हीसुद्धा घेतली आणि कानामागे खोचली. दुसरा कान रिकामा होता.

"ती आधीची कुठे गेली?"

"ती होय? त्सांग काकांना दिली. जिन्याखाली माझी स्कूटर लावायची परवानगी हवी होती ना. तुझ्या कृपेने मिळाली बघ! म्हातारा खूश झाला."

कुआंग तसाच जिना उतरून खाली पळाला. त्सांग काका म्हणजे इमारतीचे मालक. त्यांच्या बापजाद्यांनी इथल्या चिखलात कालवं पिकवली आणि काकांनी त्याच चिखलावर मजले पिकवले. आता ते अर्ध्या चड्डीत, पायात सपाता आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून खाली चहा घेत बसायचे. नळी त्यांच्या कानामागे होती.

"घ्या काका," कुआंगने पाकीट पुढे केलं.

"आलास? बस. आता माझी एक घे." काकांनी स्वतःचं पाकीट पुढे केलं आणि लायटरही धरला. बायकोसमोर शपथ घेऊन सिगारेट सोडलेल्या कुआंगला ती ओढावी लागली. खोकत खोकत त्याने दुसरी पुढे केली. काकांनीही आपली दुसरी पुढे केली. रीत ती रीत.

"बोल, काय काम काढलंस?"

"काही नाही, सहज आलो."

"सहज कोणी एवढं महागडं पाकीट फिरवतं का? लिफ्टचं आहे की गळक्या छपराचं?"

"खरंच सहज."

"म्हणजे काहीतरी मोठं आहे," काका म्हणाले. मग समोरच्या रस्त्याकडे बघत आवाज उतरवून म्हणाले, "तू आलास तेव्हा इथे पाणी होतं, आठवतं? माझा बाप होडी बांधायचा बघ तिथे, त्या बँकेच्या दाराशी. पहिला कारखानदार जागा मागायला आला तेव्हा बापाला एक सिगारेट दिली त्याने. बस, व्यवहार झाला. कागद नंतर."

कुआंगलाही ते पाणी आठवलं, आणि नेमक्या त्या हळव्या क्षणी काकांनी कानामागची नळी काढून ओठात धरली. "ही फानने दिली. भारी आहे म्हणे."

"काका, नको!"

"का नको?"

काय सांगणार? माझी आहे म्हणावं तर परत मागितल्यासारखं होतं, आणि फान मिस्त्री उसना मान मिरवतात असंही ठरतं. तेवढ्यात काकांनी लायटर लावला. पत्र्याच्या डबीतली ती एकुलती एक नळी जळक्या प्लास्टिकचा वास सोडत वाकली. काकांनी झुरका घेतला तसा टोकाचा निळा दिवा लागला.

"निळी पेटली!" काका ओरडले. "नकली! या शाजिंगात मी नकली फोन बघितले, नकली घड्याळं बघितली, पण माणसाच्या हातात द्यायची सिगारेट नकली? फानने मला नकली दिली?" त्यांनी ती चहाच्या चोथ्याच्या भांड्यात फेकली, मग पुरावा म्हणून परत उचलली आणि सपाता फटकारत वर निघाले.

साच्यांच्या खोलीत फान मिस्त्री आधी पांढरे पडले, मग लाल झाले. "मला कुआंगने दिली. मी दोन्ही हातांनी घेतली! नकली निघाली होय? म्हणून तो माझ्या मागे मागे फिरत होता! इतकी वर्षं याचे साचे घासले, आणि याने मला नकली सिगारेट द्यावी?"

कुआंग तिथे थांबलाच नाही. छिउ साहेब आले होते आणि शेठ हाका मारत होते. डबी हातात घेतली तर आत काहीच नाही, आणि रिकामी डबी हाताला कळते. त्याने जिन्यातच खिशातल्या पाकिटातल्या तीन खऱ्या सिगारेटी आत बसवल्या. अगदी फिट्ट बसल्या. माप मुळात त्यांचंच होतं. साहेबांनी नुसती डबी बंद असताना बघावी आणि नळी चार्जला लावली आहे असं सांगून वेळ मारून न्यावी, एवढाच त्याचा बेत होता.

केबिनमध्ये चहा चालला होता. छिउ साहेबांच्या गळ्यात दोरीला अडकवलेली प्लास्टिकची ई-सिगारेट होती. "हा लिचीचा रंग, हा कलिंगडाचा," शेठ दाखवत होते आणि साहेब जांभई गिळत होते. कुआंगने पाऊल टाकलं आणि त्याच्या मागोमाग काका आणि मिस्त्री आत घुसले.

"शेठ, तुझा माणूस नकली सिगारेटी वाटतो!" काकांनी पुरावा टेबलाच्या काचेवर ठेवला.

शेठनी बघितलं. "अहो, ही तर आपली नळी! एवढी एकच होती!"

मिस्त्रींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. "म्हणजे ती दाखवायची होती? मग गाढवा, परत का नाही मागितलीस?"

"दिलेली सिगारेट परत कशी मागू, मिस्त्री?"

शेठ चिडायला निघाले होते, ते तिथेच थांबले. काकाच शेवटी पुटपुटले, "बरोबर आहे. परत कशी मागणार?"

असल्या अवघड वेळी कुआंगच्या घरात पुरुष जे करत आले तेच त्याच्या हातांनी केलं. झाकण उघडलं, बूड तळहातावर आपटलं आणि डबी काकांपुढे धरली. काकांनी दोन्ही हातांनी सिगारेट घेतली. मग मिस्त्रींनी घेतली. मग डबी छिउ साहेबांपुढे आली आणि साहेब खुर्चीतून अर्धे उठले. उठल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"मी हा धंदा करतोय तेव्हापासून," ते सावकाश म्हणाले, "कोणी मला काही दिलं म्हणून मी उठलो नव्हतो. हे गळ्यातलं यंत्र ज्याचं तोच चोखतो. दुसऱ्याला द्यायची सोयच नाही." त्यांनी डबी घेतली, दोनतीनदा वाजवली. "ही मला हवी. माझ्या सगळ्या दुकानांत ठेवतो."

"घ्या ना!" शेठ उसळून म्हणाले. "चार्जिंगचं भोक मागे ठेवू की बुडाला?"

"बुजवा."

"आणि बॅटरी?"

"काढा."

"साहेब, मग उरलं काय?"

"डबी," छिउ साहेब म्हणाले.

अशा रीतीने ई-सिगारेटच्या कारखान्याला सिगारेटची डबी बनवायची ऑर्डर मिळाली. फान मिस्त्रींनी त्याच दिवशी साच्याचं पोलाद निवडलं, काकांनी जिन्याखालची जागा कायमची दिली आणि शेठनी कुआंगची पाठ थोपटली. कुआंगला मात्र आनंद होईना. डबी जगात परत आली होती, पण बिनधोक वाफेची नळी गेली होती, आणि खऱ्या सिगारेटची डबी छातीचं दुखणं असलेल्या वडिलांना पाठवायची कशी? त्याने जिन्यात उभं राहून घरी फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे आता त्यात बॅटरी नाही, बाबा. नळी नाही. तुम्हाला ओढता येईल असं त्यात काहीच राहिलं नाही."

"मला कुठे ओढायची आहे?" वडील म्हणाले. "मला द्यायची आहे. लग्नात मी असा भिंतीपाशी बसलो ना, की लोक कसं काय विचारतात आणि पुढे निघून जातात. हातात डबी असली की थांबतात रे. जरा वेळ थांबतात. पाठव तू. भरून तुझी आई देईल, आणि मोजूनही तीच देईल."

मागून आईचा आवाज आला, "देईन!"

"मग बाबा, हे आधी का नाही सांगितलंत? त्या बॅटरीपायी मी इतके दिवस मरमर मरत होतो!"

"तू विचारलंस कधी?" वडील म्हणाले. "जेव्हा बघावं तेव्हा तू आपला बॅटरीचंच सांगत होतास. मला वाटलं, पोराला आवड आहे."