शालिककाका आणि टिपेचं यंत्र

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मराठीच्या निबंधात मला कधी बरे गुण मिळालेले नाहीत. त्यामुळे एका जिवंत माणसाबद्दल लिहायला बसलो याची आधीच माफी मागतो. शालिककाका हे वाचणार नाहीत, एवढाच धीर आहे. लिहिणाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नाही. तसं ते कुणाबद्दलच चांगलं नाही.

काका माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. हिंगणीला आमच्या शेजारीच राहतात, वावरात भाजी लावतात आणि सेलूच्या बाजारात नेऊन विकतात. त्यांची ख्याती अशी की, ते गिऱ्हाइकाचं तोंड पाहून सांभार देतात. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि भाजी घेतली की वरून चार काड्या फुकट टाकायची रीत आहे. बाकीचे भाजीवाले मूठ उचलतात आणि टाकून मोकळे होतात. काका आधी माणूस जोखतात. मुकाट पैसे देणाऱ्याला भरली मूठ. "ताजी आहे ना?" असं विचारणाऱ्याला पिवळी पानं. वांगं दाबून पाहणाऱ्याच्या बाबतीत ते गिऱ्हाइकासमोरच, हाताखाली बसलेल्या मला सांगतात, "याले काडी बी नाई."

एकदा एका बँकेच्या साहेबांनी पिशवी उघडी धरून "आणि सांभार?" असं विचारलं. काका म्हणाले, "दोन गाजरं खाऊन पाह्यले ना साहेब, तोच तुमचा सांभार झाला."

साहेब पुन्हा आले नाहीत. काकांना त्याचाही अभिमान आहे.

मी रोज वर्ध्याला जाऊन-येऊन कॉम्प्युटर शिकतो. मोबाइलचं ॲप बनवायला शिकणाऱ्याला पहिल्यांदा बहुतेक टिपेचा हिशेब करणारं ॲप बनवायला देतात. वर हॉटेलचं बिल लिहायचं, टक्क्यांची पट्टी बोटाने सरकवायची, खाली टिप किती ते येतं. एवढंच. पण मला ते लवकर जमलं नाही. पट्टी डावीकडे जास्त सरकली की टिप वजा यायची, म्हणजे जेवणाऱ्याला वेटरनेच पैसे द्यायचे. मी हिरमुसून काकांना दाखवलं.

"मंग चुकलं कोठं?" काका म्हणाले. "इकनाऱ्यानंच वरून द्यावं लागते. आमी काय करून राह्यलो बाजारात?"

पुढे मी चूक सुधारली, तेव्हा ते खरोखर नाराज झाले. "चांगलं चालत होतं, बिघडवलं. टिप म्हंजे काय? पंख्याखाली उभं राहून मांगतलेली भीक. अन् तू तिचं यंत्र बनवतं. याच्यासाठी तुया बापानं तुले वर्ध्याले धाडलं?"

त्यांचा हा राग माझ्यावर नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. काकांचा एकुलता एक मुलगा गजू गोव्याच्या एका हॉटेलात वेटर आहे. तो निघाला त्या दिवशी काका फाटकात उभे राहून म्हणाले होते, "देनाऱ्याच्या घरचं पोट्टं हात पसराले चाललं." गजूने मागे पाहिलं नाही, आणि नंतर फोनही केला नाही. काकू तर आधीच वारलेल्या. "मले त्याची खबर नाई पाह्यजे," असं काका सांगतात. कुणी विचारलेलं नसतानाही सांगतात.

तरी संध्याकाळ झाली की ते आमच्या ओसरीवर यायचे. "काढ तुयं भिकारखातं," म्हणून मोबाइलकडे तुच्छतेने बोट दाखवायचे. मग सुरू व्हायचं.

"चार जन हायेत. मुंबईचे. मच्छी खाल्ली. टाक तीन हजार."

मी टाकायचो.

"दहा दहा येळा पानी मांगतलं यायनं. पोरानं दर येळी हासून आनून देल्लं. सरकव."

मी पट्टी सरकवायचो. ती तीस टक्क्यांवर थांबायची.

"आखीन काऊन नाई सरकत?"

"काका, तीसच ठेवलेत. एवढंही कोणी देत नाही."

"तू पयलेपासूनच चिकट हायेस," ते म्हणायचे आणि स्वतःच्या मातीने माखलेल्या बोटाने पट्टी शेवटापर्यंत ढकलून पाहायचे. मग खाली आलेला आकडा डोळे बारीक करून वाचायचे आणि उठून जायचे. बँकेच्या साहेबाला काडी न देणाऱ्या माणसाने त्या मुंबईच्या लोकांचा खिसा रोज असा रिकामा केला. ते "पोरगं" कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

परवा गजूच्या हॉटेलात काम करणारा आमच्या गावचा नीलेश बहिणीच्या लग्नासाठी आला. तो ओसरीवर माझ्याशी बोलत बसला. काका आमच्याकडे पाठ करून मेथी निवडत होते.

"गजू कसा आहे रे?" मीच विचारलं.

"वेटर नाई राह्यला तो आता. लय दिवस झाले. मालकानं आत टाकलं त्याले, भांड्यावर."

"का?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाले बोलला ना. त्या मानसानं तिसऱ्यांदा सूप वापस पाठवलं. हा म्हने, सुपाले चव हाय साहेब, तुमच्या तोंडाले नाई."

काकांचे हात थांबले. "बराबर बोलला," ते पाठमोरेच म्हणाले. मग विचारलं, "टिपेतलं भांडेवाल्याले काय भेटते?"

"काईच नाई, काका. ते बाहेरच्या पोरायचं रायते."

मी हातातला मोबाइल उलटा ठेवला.

"अन् भांड्याले गरम पानी देतेत का?"

"नाई जी. थंडंच. हाताची सालपटं निघाली त्याच्या."

काका उठले. मेथी तशीच राहिली. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लाव फोन."

मी घाईघाईने गजूचा नंबर शोधू लागलो.

"त्याले नाई," काका म्हणाले. "मालकाले लाव."