तिइतुर्विकची साक्षीदार

जी जागा नकाशावर नाही तिथे माणूस अडकू शकत नाही, हे भूगोलाचं पायाभूत तत्त्व आहे. त्यामुळे गेल्या मार्चमध्ये ध्रुवाकडच्या एका बर्फाळ गावातल्या पानिकपाकबाईंचा मुलगा गावासमोरच्या निर्जन बेटावर बंद पडलेल्या स्नोमोबाईलपाशी दोन दिवस बसून होता, तेव्हा तो अडकलेला नव्हता. तो रेडिओवर “तिइतुर्विकला आहे” म्हणून सांगत होता आणि विमानवाले नकाशात तिइतुर्विक शोधत होते. शेवटी गावातल्या शिकाऱ्यांनीच त्याला आणलं. (त्यांच्याकडे नकाशा नव्हता.)

सरकारी नोंदीनुसार बेट असं आहे: लांबी तेवीस किलोमीटर. सर्वोच्च शिखर एकसष्ट मीटर. वनसंपदा चार बोटं उंच. लोकसंख्या शून्य, म्हणून स्थानिक नावंही शून्य. अहवालात एकही चूक नाही. तो विमानातून केलेला आहे.

मुलाचे काळेनिळे पडलेले पाय शेकता शेकता बाईंनी ठरवलं, नाव नकाशावर चढलंच पाहिजे. आणखी कोणाचं पोर असं बसून राहिलेलं त्यांना सोसणार नव्हतं. नामनोंदणी कार्यालयाची अट अत्यंत रास्त होती. निर्जन बेटावरच्या जागेचं नाव, तिथे राहिलेल्या रहिवाशाने स्वतः सांगावं. तिइतुर्विक ही त्या बेटावरची खाडी, आणि बाईंची आई त्याच खाडीवरच्या तंबूत वाढली होती. “साक्षीदार हयात आहे का?” या रकान्यात बाईंनी “आहे” असं लिहिलं, आणि त्यांच्या लेखी ते खरंच होतं.

जूनमध्ये दक्षिणेहून टिबेट्स नावाचा अधिकारी आला.

“आजी, तुमच्या आईंना भेटायचं होतं.”

“बस की. आत्ताच उठलीये. आई, ए आई, पाहुणे आलेत बघ.”

आई आली. वय वर्षं चार, हातात मुरंबा लावलेली रोटी.

“ही तुमची नात ना?” टिबेट्सने विचारलं.

“लेकाची लेक. पण नाव माझ्या गेलेल्या आईचं ठेवलंय, म्हणजे आमच्यात ती आईच. तुम्ही काय करता मग मेलेल्या माणसांचं? नुसतं पुरून मोकळे होता?”

टिबेट्सने नियमावली चाळली. साक्षीदाराला नाव हवं, होतं. पत्ता हवा, होता. वयाची अट घालायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“खाडीचं नाव काय, बाळ?”

“तिइतुर्विक. म्हणजे चहाची जागा. तिथे मी चहा करायचे. वारा नाही लागत. माझी किटली राहिलीये तिथे.”

बाईंचे डोळे भरून आले. किटलीचं आपण तिला कधीच सांगितलं नव्हतं, असं त्या अजून शपथेवर सांगतात.

सहीच्या जागी आईने मुरंब्याचा अंगठा उमटवला. कार्यालयाने तो रीतसर तपासून ग्राह्य धरला आणि नाव नकाशावर चढलं. बेटाची नोंदही सुधारली: माजी रहिवासी एक, वय चार, बेट सोडल्याला वर्षं साठ.

हसा, वाचकहो, पोटभर हसा. पण त्या माउलीला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी तिचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला तुमचा कितव्यांदा लागला होता?