तपकिरी कोट, मागे उशी

नोव्हेंबरातल्या एखाद्या शनिवारी, दिवस कलताना, बेसिंगस्टोकबाहेरच्या एका दुकानाच्या कारपार्कच्या पार टोकाला तुम्हाला तपकिरी कोटातली एक मुलगी झुडपाला चिकटून उभी दिसली आणि तिच्या मागून सोफ्याची उशी डोकावताना दिसली, तर प्लीज पोलिसांना फोन करू नका. ती मी आहे. मी हरीण आहे. उशी माझं पाडस आहे. आणि पलीकडे दुकानाच्या दारात माकडटोपी घालून जे गृहस्थ माझ्यावर दुर्बीण रोखून उभे आहेत, ते आमचे सोनवणे काका. त्यांना दुर्बीण विकत घ्यायचीय. म्हणजे गेले कित्येक महिने घ्यायचीच आहे.

मधेच माझा फोन वाजतो.

"सई, उशी जरा डावीकडे घे. कान दिसू दे."

"काका, उशीला कान नसतात."

"कोपरा गं. कोपरा दिसू दे."

मी लंडनजवळच्या पिनरला वाढले, जॉबसाठी बेसिंगस्टोकला आले. आईने तिच्या जुन्या मैत्रिणीला, म्हणजे मीरा काकींना, 'पोरीवर लक्ष ठेव' म्हणून सांगितलं. काकी डबे देऊन लक्ष ठेवतात. काका मला झुडपात उभं करून ठेवतात.

काकांनी आयुष्यभर हॉस्पिटलातली एक्स-रे मशिन्स दुरुस्त केली. 'लोकांच्या आतलं भरपूर बघून झालं, आता बाहेरचं बघतो,' असं ते रिटायर होताना म्हणाले आणि समोरच्या ग्रॅहमबरोबर शिकारीला जायला लागले. ग्रॅहम प्लंबर. त्याच्याकडे रायफलचं लायसन्स आहे आणि शेतकऱ्याची परवानगीही, कारण तिथली हरणं नवीन लावलेली झाडं टिकूच देत नाहीत. काका बंदुकीला हात लावत नाहीत. काकींना हे अजिबात पटत नाही. सकाळी पंचशील म्हणायचं आणि संध्याकाळी पारध करायची, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं त्या पोळ्या लाटताना विचारतात. काकांचं उत्तर ठरलेलं: "मी मारायला जात नाही. मी 'नाही' म्हणायला जातो."

मला हे कळलंच नव्हतं. मी म्हटलं, बंदुकीवरच स्कोप असतो ना, मग वेगळी दुर्बीण कशाला? काका ताठ बसले. स्कोपमधून बघायचं म्हणजे बंदूक रोखूनच बघायचं, म्हणाले. समोर कुणी कुत्रा फिरवायला आलेलं असलं तर? म्हणून आधी दुर्बिणीतून नीट बघायचं. नर आहे की मादी, मागे कोण आहे, गोळी अडवायला माती आहे की रस्ता. मग ग्रॅहम हळूच विचारणार, "क्लिअर?" आणि काका बहुतेक वेळा म्हणणार, "नो, ग्रॅहम." मग दोघं थर्मासमधला चहा पिऊन घरी. ग्रॅहमच्या बायकोच्या मते तिच्या फ्रीझरमध्ये जी जागा रिकामी आहे, ती सगळी काकांच्या 'नो'ची आहे.

दोघांत दुर्बीण एकच, कार बूट सेलमधून, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथून आणलेली. दोघांचे डोळे वेगळे, त्यामुळे उजव्या डोळ्याची रिंग सारखी फिरवावी लागायची आणि त्यावरून भांडणं व्हायची. शेवटी काकांनी रिंगवर खुणा केल्या. लाल ठिपका काकांचा, काकींच्या नेलपॉलिशचा. पांढरा ठिपका ग्रॅहमचा, रंगाच्या डब्यातला. तेव्हापासून शांतता.

आता ती दुर्बीण कपाटात आहे आणि नवी मिळेपर्यंत मी येणार नाही, असं काकांनी ग्रॅहमला सांगून टाकलंय. ग्रॅहम बिचारा दर आठवड्याला कचऱ्याचे बिन बाहेर काढताना विचारतो, मिळाली का? एकटा तो जात नाही. 'मला नाही कोण म्हणणार?' असं म्हणतो.

त्यामुळे आमचे शनिवार दुकानात. तिथले विक्रेते कॉलिन, काकांना पाहिलं की, आपणहून हात पुढे करतात. काका त्यात गाडीची किल्ली ठेवतात आणि डिपॉझिट म्हणून किल्ली देऊन दुर्बीण बाहेर घेऊन जातात. कारण आत बघण्यात अर्थच नाही. "ट्यूबलाइटखाली सगळ्याच हुशार," हे त्यांचं आवडतं वाक्य. हे ते दुर्बिणींबद्दल म्हणतात, भाड्याच्या घरांबद्दल म्हणतात, आणि मी एका पार्टीत भेटलेल्या मुलाबद्दल सांगायला लागले तेव्हाही म्हणाले. "अंधार पडताना भेट एकदा. मग सांग."

पण खरं सांगू? ते बरोबर आहेत! मला आधी वाटायचं, महाग दुर्बीण म्हणजे नावाचे पैसे. दुपारी स्वस्तातली आणि महागातली दोन्ही बघितल्या, डिट्टो सेम. मग उजेड उतरला आणि स्वस्तातलीत झुडूप, कुंपण, ट्रॉल्या सगळ्याची एक करडी लापशी झाली. महागातलीत पानं वेगळी दिसत होती. काठावरचं पान न् पान! मी तिथल्या तिथे तीन मित्रमैत्रिणींना मेसेज केले. कुणालाच इंटरेस्ट नव्हता.

मग मी झुडपाशी जाऊन उभी राहिले. काका मात्र महागातलीतून बघत राहिले, खूप वेळ. मग फोनवर विचारलं, "उशी आणलीस ना आज?"

उशी माझ्या मागेच होती. कोपरा डावीकडे.

असं दर शनिवारी. प्रत्येक दुर्बिणीत काहीतरी खोट. ही जड, ती निळसर, हिच्यातून उशीच दिसत नाही. एकदा त्यांच्या घरी गेले तर काकी बाथरूमचं दार ठोकत होत्या. शेवटी दार उघडलं, तर आत काका दिवा घालवून, फोनच्या मंद उजेडात, आरशासमोर फूटपट्टी डोळ्यापाशी धरून उभे. फूटपट्टीने काय मोजतायत ते काकींना माहीत नव्हतं, पण का ते माहीत होतं. त्यांनी मला किचनमध्ये नेलं आणि सांगितलं.

गेल्या सीझनला, अगदी शेवटच्या उजेडात, ग्रॅहमने "क्लिअर?" विचारलं. काकांनी बघितलं, मादी एकटी होती. "येस" म्हणाले. गोळी लागल्यावर झुडपामागून एक पिल्लू बाहेर आलं. पळालं नाही. आईजवळ येऊन उभं राहिलं, बस. काका घरी आले ते बूट न काढता जिन्यावर बसून राहिले. "तेव्हापासून म्हणतायत, दुर्बीण खराब होती," काकी म्हणाल्या.

मी माझ्या कोटाकडे बघितलं. इतके शनिवार मी काय होऊन उभी होते, ते मला तेव्हा कळलं.

गेल्या शनिवारी काकांनी किल्ली दिली, सगळ्यात महागातली दुर्बीण घेतली आणि बाहेर येऊन माझ्या गळ्यात अडकवली.

"आज तू बघ. मी उभा राहतो."

"मी का?"

मग त्यांनी सांगितलं, मशीनचा बिघाड सांगतात तशा आवाजात. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्यातली बाहुली चांगली मोठी होते, तेवढा उजेड आत जातो. वय झालं की ती तेवढी उघडतच नाही. फूटपट्टी लावून बघितलं त्यांनी. दुर्बीण कितीही उजेड देवो, त्यांच्या डोळ्याचं दारच अर्धं. "माझ्यासाठी ही काच म्हणजे पैसे पाण्यात. तेव्हाही काचेचा दोष नव्हता गं."

मी कोट काढून दिला. तो चढवून, काखेत उशी मारून ते निघालेसुद्धा. कोट त्यांना पोटावर बसत नव्हता.

मी रिंग फिरवली. आधी धूसर, मग एकदम लख्ख. झुडपाशी काका उभे. बारीक भुरभुर सुरू झाली होती. इतक्या अंधारात आपण कुणाला दिसत नाही, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी उशीवरचं पाणी हाताने पुसलं, ती कोटाच्या आत घेतली, वरचं बटण लावलं, आणि बाहेर राहिलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवत राहिले. हळूहळू, झोपवतात तसं.

फोन वाजला.

"किती दिसतात?"

"दोन."

"नक्की? मी तर लपवलंय."

"दोन आहेत, काका. नाही म्हणा ग्रॅहमला."

मग ते म्हणाले, "तूच म्हण. उद्या आमच्याबरोबर येशील ना?"

परत आले तेव्हा उशी कोटातच होती. कॉलिननी काही विचारलं नाही. पैसे देऊन झाल्यावर काकांनी मला काउंटरवर पुन्हा रिंग माझ्या डोळ्याला लावायला सांगितली, नीट, घाई न करता. मग खिशातून काकींचं लाल नेलपॉलिश काढलं. ते घरूनच घेऊन आले होते.